कापसातला खळगा

कोरीटात कुणाच्या घरी बाळ झालं आणि कौसाबाई बघायला आली, की ती आधी बाळाकडे बघतच नसे. ती अंथरूण बघे. मूठ वळून गोधडी दाबून पाही. उशी दिसली की ओढून बाजूला टाके. बाळाच्या कडेला लुगड्याची वळकटी लावलेली असली तर ती उचलून सरळ बाळंतिणीच्या मांडीवर ठेवून देई, आणि मगच विचारी, "काय वं, दूध बराबर पेस का पोऱ्या?" बाया पदरात तोंड लपवून हसत. म्हातारीला खूळ लागलंय म्हणत. तिच्यासमोर मात्र ब्र काढायची कुणाची छाती नव्हती.

हे खूळ तिला उतारवयात लागलं. त्याआधी ती अगदी उलट होती.

कौसाबाई सारंगखेड्याची, तापीकाठची. घोड्यांच्या जत्रेत वाढलेली पोर, घोड्याला भीत नसे तर माणसाला काय भिणार! लग्न होऊन कोरीटात आली ती कापसाच्या घरात. दोघे भाऊ एकत्र, थोरल्याची बायको मंगलाबाई, धाकट्याची ही. नवरा गेल्यावर शेत तिनं स्वतः सांभाळलं. वेचणीच्या बायांच्या पुढे ओळीत उभी राहायची, ओटीत कापूस कुणाचा किती भरला हे नुसतं चालण्यावरून ओळखायची. नंदुरबारला सरकी काढायच्या जिनात गाड्या गेल्या की व्यापाऱ्याशी असं काही भांडायची, की तो बिचारा हात जोडून भाव वाढवायचा. गावात तिचा शब्द खाली पडत नसे, आणि पडलाच तर ती तो उचलून पुन्हा मारायची.

या घराची एक रीत होती. पहिल्या वेचणीचा पांढरास्वच्छ कापूस आतल्या खोलीत एका कोपऱ्यात निराळा रचायचा, आणि घरात तान्हं मूल असलं तर ते त्या ढिगावर निजवायचं. दोन्ही कोपरांनी दाबून ढिगात खळगा करायचा, त्यावर जुनं लुगडं पसरायचं आणि बाळ आत ठेवायचं. थंडीत ऊब मिळते, डोकं गोल होतं, अंगाला काही रुतत नाही. कौसाबाईला या रीतीचा कोण अभिमान! "आमना घरनं पोर भुईवर निजस नही, कापूसवर निजस," हे वाक्य तिनं किती जणींना ऐकवलं असेल याला गणती नाही. खळगा करावा तर तिनंच. सून जमना करायला गेली तर म्हणायची, "ऱ्हावू दे, तुन्हा हातना खड्डा व्हस, खळगा नही."

नातू झाला तो श्रावणात. नाव छगन ठेवलं. दुसरी लढाई लागायच्या आदल्या साली कापूस असा काही पिकला होता की आतली खोली अर्धी भरली. छगन त्या ढिगावर एखाद्या लहानशा जहागीरदारासारखा उताणा पडून असायचा. आजी येता-जाता बघायची आणि तिचा जीव सुपाएवढा व्हायचा.

पौष लागला आणि तो विचित्र प्रकार सुरू झाला.

दुपारची वेळ. जमना चुलीपाशी, मुलगा पितांबर शेतावर. कौसाबाईनं छगनला निजवलं, अंगणात जाऊन वाळत घातलेल्या मिरच्या हलवल्या आणि परत आली. बघते तो छगन पालथा! तोंड कापसात, ढुंगण वर. तिनं झडप घालून उचलला. पोर घामानं भिजलेलं, लालबुंद. उचलल्यावर रडायला लागलं. कौसाबाईनं त्याला छातीशी आवळला, कारण हे तिनं एकदा आधी बघितलं होतं.

तिची पहिली मुलगी काशी. तीही श्रावणातलीच, तीही याच खोलीत, याच ढिगावर. कौसाबाई तेव्हा कोवळी होती. पाणी आणायला विहिरीवर गेली, येताना कुणाशी बोलत उभी राहिली, घरी आली तेव्हा काशी पालथी पडलेली होती आणि तिच्यात काही उरलं नव्हतं. आपण तर हिला उताणी निजवली होती! घरात त्या वेळी एकटी मंगलाबाई होती. मंगलाबाईला मूलबाळ नव्हतं. कौसाबाईनं हंबरडा फोडला तोच मुळी तिच्या अंगावर: "तूज पालथं पाडं मन्ही काशीले! आठे दुसरं कोन व्हतं?" मंगलाबाई कानावर हात ठेवून म्हणत राहिली, "मी तिले हातबी लावा नही." कुणी ऐकलं नाही. भाऊ वेगळे झाले, घरात भिंत उभी राहिली. विहीर एकच म्हणून मागच्या परसात तेवढं एक दार ठेवलं. त्या दिवसापासून दोघी जावा एकमेकींशी बोलल्या नाहीत. गावातल्या बाया मंगलाबाई दिसली की कडेवरच्या पोरावर पदर ओढू लागल्या. नवरा गेल्यावर ती त्या अर्ध्या घरात एकटीच राहायची.

आता छगनला छातीशी धरून कौसाबाईनं आधी त्या मागच्या दाराकडे बघितलं. मग सुनेला हाक मारली.

"जमना, तू आठे उनथी का? पोऱ्याले हात लावा का तू?"

"नही माय. मी तं चुल्हापान व्हतू."

"मंग मी उताना निजाडेल पोऱ्या पालथा कसा व्हयना?"

कौसाबाईनं मीठ-मिरच्यांनी नातवाची दृष्ट काढली, दंडाला काळा दोरा बांधला, आणि दुसऱ्या दिवशी खळगा आणखी खोल केला. कडेनं ओंजळी-ओंजळीनं जास्तीचा कापूस रचला. आता कुणी पाडायला आलं तरी पोर हलणार नाही, असा तिचा हिशेब.

दुपारी छगन पुन्हा पालथा. या खेपेला तो रडलासुद्धा नव्हता. उचलल्यावर काही वेळ डोळे मिटूनच राहिला, ओठ निळसर दिसले, आणि मग धाप लागल्यासारखा श्वास घेऊ लागला. जमना रडायलाच बसली. पितांबर शेतावरून आला, त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि डोकं खाजवत म्हणाला, "माय, तो सोताज फिरी ऱ्हायना व्हई."

"सोता?" कौसाबाई कडाडली. "परवापावत हालेना, आन काल-आज सोता फिरस?"

तरी तिनं पारख करून बघितली. माणूस हट्टी असलं तरी अप्रामाणिक नव्हतं. ओसरीवर चटई टाकली, नुकताच पाजलेला छगन तीवर उताणा ठेवला आणि तिघं भोवती बसली. छगननं आढ्याकडे बघितलं. एक जांभई दिली. पितांबरनं खुळखुळा वाजवला, तर त्यानं बापाकडे अशा नजरेनं बघितलं की बापालाच लाज वाटली. बराच वेळ झाला, पोर जागचं हललं नाही.

"देखी ले," कौसाबाई म्हणाली. "फिरस का?"

पितांबरनं खुळखुळा खाली ठेवला. कौसाबाईनं वाद जिंकला, आणि जिंकल्यावर तिला जास्तच भीती वाटायला लागली. पोर स्वतः फिरत नाही, सून हात लावत नाही, तर मग पोऱ्याला पालथा करतं कोण?

आपल्याला उत्तर ठाऊक आहे असं तिला वाटत होतं. तिनं चुलीतली राख चाळली आणि मागच्या दाराच्या उंबऱ्यापाशी पातळ पसरली. पाऊल उमटलं की पुरावा मिळाला. या वेळी नुसती आरडाओरड करायची नाही, मंगलाबाईला सरळ पंचांपुढे उभं करायचं आणि गावाबाहेर काढायचं, असं तिनं मनाशी पक्कं केलं होतं. सुनेला सांगून ठेवलं, नेमानं पोराकडे बघत जा. स्वतः दर घडीला आत डोकावत राहिली. तरीही मिरच्यांवर शेळी आली म्हणून ती जेमतेम अंगणात गेली, आणि परतली तर छगन पालथा. घाईनं उचलला म्हणून बरं. राखेवर मात्र माणसाचं पाऊल नव्हतं. एका चिमणीच्या पायांची बारीक नक्षी तेवढी उमटली होती.

कौसाबाई त्या राखेकडे बघत उभी राहिली. डोकं अगदी चक्रावून गेलं. चिमणी पोराला पालथं पाडणार नाही, एवढं तिलाही कळत होतं. भिंतीवरून आली म्हणावं तर मंगलाबाईचे गुडघे धरलेले, तिला धड पायरी चढवत नव्हती. मग भूत म्हणावं? भुताला या घराचंच पोर का हवं? आणि ते उन्हातच का येतं? तिनं कापसाचा ढीग उपसून बघितला, खाली उंदीर आहे का म्हणून. उंदीर नव्हता. आढ्याकडे बघितलं. बाळाचे हातपाय तपासले. इतकी वर्षं जिला सगळ्या गावाचं उत्तर ठाऊक असायचं तिला आता आपल्याच खोलीतलं काही कळेना. त्या दिवशी ती जेवली नाही. जमनानं दोनदा विचारलं तर म्हणाली, "मले काईज समजी नही ऱ्हायनं वं." हे वाक्य तिच्या तोंडून त्या घरात पहिल्यांदाच ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी तिनं शेवटचा उपाय केला. छगनला खळग्यात ठेवलं, जमनाला ओसरीवर बसवलं, आणि आपण खोलीतच ज्वारीच्या कणगीआड दबून बसली. हातात पितांबरची काठी. जो कोणी येईल त्याचं टाळकं फोडायचं, मग ते माणूस असो की आणखी काही.

कोणी आलं नाही. छगन थोडा वेळ निजला, मग जागा झाला. स्वतःशीच काही बोलला. एक पाय वर करून त्याचा अंगठा बघितला, तो तोंडात घालायचा प्रयत्न केला. मग तो पाय दुसऱ्या पायावरून पलीकडे पडला. कंबर मागोमाग वळली. एक खांदा अंगाखाली अडकला, तो त्यानं कण्हत-कुंथत सोडवला. ढिगाचा उतार होताच. आणि छगन गर्रकन पालथा झाला.

कौसाबाईचं तोंड उघडंच राहिलं. काठी हातातून सुटली. पोऱ्या पालथा पडायला लागला! तिला एवढा आनंद झाला की हसूच फुटलं. गूळ वाटायला हवा, पितांबरला निरोप धाडायला हवा. आता हा मान वर करील आणि आपल्याकडे बघील, म्हणून ती कणगीआडून हसत बघत राहिली.

छगननं मान वर केली. थोडीशीच. मग हात टेकून उठायला गेला, तर हात कापसात खोल गेले. टेकायला काही नव्हतंच. त्यानं पाय मारले, तसा कडेचा रचलेला कापूस ढासळून त्याच्या कानांपाशी आला. लुगडं गोळा होऊन तोंडाखाली गेलं. मान खाली पडली. पुन्हा उचलायला गेला, पुन्हा खाली. रडण्याचा आवाज नाही, काही नाही. बाहेर शेळी ओरडत होती ती ऐकू येत होती, पण हातभरावरच्या पोराचा हूं की चूं नाही. कौसाबाईच्या तोंडावर हसू अजून तसंच होतं. पाय मारणं हळू झालं तेव्हा कुठे तिला समजलं की आपण काय बघतो आहोत.

तिनं त्याला ओढून काढलं. नाकातोंडात तंतू गेले होते. बोट घालून ते काढले, पाठ थोपटली, पालथं धरून हलवलं. क्षणभर काहीच झालं नाही. त्या क्षणात कौसाबाईनं ठाऊक असलेल्या सगळ्या देवांची नावं घेतली. मग छगन खोकला, ठसकला आणि टाहो फोडून रडला. इतकं गोड रडणं तिनं जन्मात ऐकलं नव्हतं.

जमना धावत आली. "माय, कोन व्हतं? कोन उनथं?"

"कोनीज नही," कौसाबाई म्हणाली. नातवाला घट्ट धरून ती कापसातच बसली होती. "कोनीज नव्हतं."

हे ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. जमनाला वाटलं सासू भीतीनं बरळतेय. पण कौसाबाईच्या डोक्यात एकेक गोष्ट आपली जागा शोधत होती, आणि प्रत्येक जागा दुखत होती. पितांबर कसा वाचला? तो माघातला. तो पालथा पडायला लागला तेव्हा आषाढ होता, कापूस केव्हाच विकून गेला होता, पोर जमिनीवर गोधडीत निजत होतं. आणि काशी? काशी श्रावणातली. काशी याच ढिगावर. उताणी ठेवलेली, पालथी सापडलेली. खळगा कुणी केला होता? मंगलाबाईनं नव्हता केला. तो कौसाबाईनं आपल्या कोपरांनी केला होता, मायेनं, चांगला खोल. तेव्हाही कोणीच आलं नव्हतं. कोणीच नव्हतं. मग इतकी वर्षं आपण शिव्याशाप कुणाला दिले?

तिला रडायलाही येईना. ती उठली, तोंडावर पाणी मारलं, छगनला कडेवर घेतलं आणि मागच्या दारानं नाही, पुढच्या दारानं बाहेर पडली. गल्लीत बसलेल्या बाया बघत राहिल्या. कौसाबाई मंगलाबाईच्या दारात, तेही नातवाला घेऊन! एकीच्या हातातलं सूप तसंच राहिलं.

मंगलाबाई जमिनीवर बसून मांडीवरच्या ताटात डाळ निवडत होती. तिनं वर बघितलं आणि बसल्या जागी मागे सरकत गेली, पाठ भिंतीला लागेपर्यंत. कौसाबाईला नाही, ती बाळाला भ्याली होती.

"त्याले मन्हापान नको आनू, कौसा," ती म्हणाली.

वाटेत जुळवलेलं सगळं कौसाबाई विसरली. तिनं खुंटीवरची एक गोधडी काढली, दुहेरी घडी करून सारवलेल्या जमिनीवर सपाट अंथरली, हातानं सुरकुत्या काढल्या आणि छगनला तीवर उताणा ठेवला. उशी नाही, काही नाही.

"बाई, देख," एवढंच ती म्हणाली.

छगननं आढ्याकडे बघितलं. एक जांभई दिली. दोन म्हाताऱ्या, एक भिंतीला चिकटलेली आणि एक उंबऱ्यापाशी, त्याच्याकडे बघत बसल्या. कौसाबाईचा जीव टांगणीला लागला. आता हा फिरलाच नाही तर कुणाला काय पटवणार? छगननं पायाचा अंगठा बघितला. पाय पलीकडे टाकला. कंबर वळली, खांदा अडकला, सुटला, आणि तो पालथा झाला. तळहात कडक गोधडीवर टेकले. मान उचलली, चांगली वर, आणि लाळ गाळत त्यानं समोर भिंतीला टेकलेल्या म्हातारीकडे टक लावून बघितलं.

"सोताज फिरना," मंगलाबाई पुटपुटली.

"काशीबी सोताज फिरनी, बाई." कौसाबाई म्हणाली. "तिले कोनीज हात लावा नव्हता. कापूसमा तिले मी निजाडं व्हतं. मी."

ताटातल्या डाळीत मंगलाबाईची बोटं फिरत राहिली. मग ती म्हणाली, "मी त्या दिन दारमा उनथू. देखं तं पोर गुपचूप निजेल व्हती. मले वाटनं, निजू दे, काबर जागाडू? आन फिरी गऊ. मंग तू म्हननी, मी पाडं. बठ्ठं गाव तेज म्हने. इतला वरीस आयकी आयकीसन मलेबी वाटाले लागनं व्हतं, कौसा. मन्हाज हात लागना व्हई म्हनीसन. मी रोज याद करस, आन मले यादज येस नही."

कौसाबाई तशीच उंबऱ्याला धरून बसली आणि तोंडात पदर कोंबून रडली. एवढं रडू तिला काशीच्या वेळीसुद्धा आलं नव्हतं, कारण तेव्हा रडण्यापेक्षा राग सोपा होता.

छगनची मान आता दमली. तो एका गालावर पडला, पुन्हा उठायला गेला, पुन्हा पडला आणि कुरकुरायला लागला. पालथं पडणं त्याला जमत होतं, परत उताणं होणं अजून जमत नव्हतं. कौसाबाई पुढे झाली नाही.

मंगलाबाईनं तिच्याकडे बघितलं. मग आपल्या हातांकडे.

"मी लावू का हात त्याले?"

कौसाबाईनं होकाराची मान डोलावली. मंगलाबाईनं मांडीवरचं डाळीचं ताट खाली ठेवलं, हात लुगड्याला पुसले, पुन्हा पुसले, आणि पुढे सरकून बाळाच्या अंगाखाली दोन्ही हात घातले. मग अगदी हळू तिनं त्याला उलटवून उताणा केला.